नाव ज्वारी-नाचणीचं आणि आत ७८ टक्के गहू, पाकीट उलटं करून बघा

सुपरमार्केटमध्ये हेल्दी म्हणून जी पाकिटं वेगळ्या रॅकवर मांडलेली असतात त्यातल्या एका पाकिटाने आमची चक्क फसवणूक केलीय, आणि घरात कोणाला डायबेटिस असेल तर तुम्हीही नेमकं तेच पाकीट उचलाल म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सासऱ्यांची शुगर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले मैदा पूर्ण बंद, गहू कमी करा, ज्वारी-नाचणी वाढवा. दुकानात पिठांच्या रॅकपाशी कंपनीची एक मुलगी उभी होती, तिला मी सरळ विचारलं की शुगरवाल्यांसाठी ज्वारी-नाचणीचं पीठ कुठलं, आणि तिने हे पाकीट हातात दिलं. समोर मोठ्ठ्या अक्षरात ज्वारी नाचणी आटा, ज्वारीचं भरगच्च कणीस, खाली नाचणीचे दाणे, बाजूला हिरव्या गोलात हाय फायबर. किलोला १६० रुपये. "मॅडम, डायबेटिसवाले सगळे हेच नेतात, आणि पोळ्या पण मऊ होतात."

ते मऊ पोळ्यांचंच सासूबाईंना खटकलं. ज्वारी-नाचणीत ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिकटपणा देणारं गव्हातलं प्रथिन, नसतं, त्यामुळे नुसतं ते पीठ लाटायला घेतलं की कडा फुटतात, गरम पाण्यात मळायचं, नाहीतर उकड काढायची आणि मग परातीत थापायचं, आणि हे पीठ मात्र साध्या पाण्यात मळलं, पोळपाटावर सरसर लाटलं आणि तव्यावर टम्म फुगलं. "अगं ही कणीक आहे, नाचणी असली तर नावाला असेल," असं म्हणून त्यांनी पाकीट मागवलं. मागच्या बाजूला जिथे पाकीट चिकटवलेलं असतं त्या घडीजवळ मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, तेही फक्त इंग्रजीत: गव्हाचं पीठ ७८ टक्के, ज्वारी ९, सोया ६, नाचणी ४, उरलेले ओट्स आणि इसबगोल.

नाचणी ४ टक्के! म्हणजे अख्ख्या किलोत ४० ग्रॅम, जेमतेम एक मूठ. आणि एक माणूस पथ्य पाळतोय या समाधानात दोन्ही वेळा गहूच खात होता, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

मॅनेजरला दाखवलं तर तो म्हणाला मागे लिहिलंय ना सगळं. आणि हो, लिहिलेलं आहेच. एफएसएसएआय, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम करणारी सरकारी संस्था, तिचा नियमच असा आहे की ज्या घटकाचा पाकिटावर गाजावाजा करता तो किती टक्के आहे ते छापायला हवं, आणि सगळे घटक वजनाने जास्त ते आधी, कमी ते नंतर असे लिहायला हवेत. कंपनीने दोन्ही पाळलं. पण सत्तरीच्या माणसाला वाचताच येणार नाही अशा जागी आणि अशा अक्षरात पाळलं, आणि समोर चित्र मात्र कणसाचं. माझ्या लेखी ही फसवणूकच आहे, नियमात बसत असली तरी.

त्या हाय फायबरचं पण सांगते. १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम फायबर असलं की हाय फायबर छापता येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात साध्या गव्हाच्या कणकेतच ११ ग्रॅमच्या वर आहे, ज्वारीत १०, नाचणीत ११, मैद्यात ३ पेक्षा कमी. म्हणजे आपण गिरणीतून आणतो ती रोजची कणीक सुद्धा हाय फायबरच आहे, त्या गोलासाठी जास्त पैसे मोजायचं काहीच कारण नाही.

त्यानंतर मी त्या रॅकवरची बाकीची पाकिटं पण उलटी करून वाचली. एका ब्राऊन ब्रेडमध्ये पहिला घटक रिफाइंड व्हीट फ्लोअर, म्हणजे मैदा, मग साखर, आणि शेवटी कॅरमल कलर, १५०ए असा आकडा, म्हणजे तो तपकिरी रंग कोंड्याचा नाहीच, वरून घातलेला आहे. नुसतं व्हीट फ्लोअर लिहिलं असेल तरी विश्वास ठेवू नका, होल हा शब्द आहे का बघा आणि तो यादीत पहिला आहे का ते बघा. मल्टिग्रेन म्हणजे एवढंच की धान्यं एकाहून जास्त आहेत, ती अख्खी आहेत की कोंडा काढलेली आणि किती आहेत हे त्या शब्दातून काहीच कळत नाही.

आता आम्ही अख्खी ज्वारी आणि नाचणी आणतो, निवडतो आणि गिरणीतून दळून आणतो, आणि पाकिटाच्या निम्म्या पैशात होतं. फक्त गिरणीवाल्याला सांगा की ज्वारीच्या घाण्यानंतर आमचं टाक, गव्हानंतर नको, नाहीतर आधीचं पीठ मिसळतं, आणि घरात कोणाला ग्लुटेन अजिबात चालत नसेल तर सार्वजनिक गिरणीच नको, घरगुती चक्की बघा. गिरणी जवळ नसेल तर सुपरमार्केटमध्ये पण नुसत्या ज्वारीचं, नुसत्या नाचणीचं पीठ मिळतं, यादीत एकच नाव असलेलं, ते घ्या.

पाकीट आणि बिल दोन्ही ठेवलंय, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवलीय. तुमच्याकडे असं पाकीट असेल तर समोरचा आणि मागचा दोन्ही फोटो काढून ठेवा, फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर पण तक्रार घेतात.

आणि लहान मुलांना नाचणी बिस्किटं देणाऱ्या आयांनो, प्लीज आजच डबा उघडून वाचा. नाचणीत १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं म्हणून आपण ती बिस्किटं घेतो, पण मी वाचलेल्या पाकिटात आधी मैदा, मग साखर, मग पाम तेल आणि नाचणी त्यांच्या नंतर होती. लेकराला नाचणी द्यायची तर सत्व करा, आंबील करा, रात्री भिजवून मोड आणून वाळवून दळलीत तर दूध-गुळात दहा मिनिटांत खीर होते.