वाचलेले अंगी बाणवण्यासाठी : वही की सोबती?

खानापूरहून रोज बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत फिरत्या पाळीवर कामाला येणाऱ्या भाच्याने विचारले, की स्वयंविकासाची पुस्तके भरपूर वाचली, आता आचरणासाठी नोंदवही ठेवावी की सोबती शोधावा?

खर्चाचा प्रश्न फारसा नाहीच. शंभरपानी वही पुरते आणि सोबत्याला फार तर चहा पाजावा लागतो. कष्टांत मात्र तफावत आहे. वहीत ‘व्यायाम करीन’ असे मोघम लिहून भागत नाही. ‘पाळीवरून येऊन डबा घासायला टाकला, की दहा मिनिटे चालेन’ अशी प्रसंगाला बांधलेली ओळ लागते, आणि मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ साली मांडलेला मुद्दाही हाच आहे. सोबती असला की इतकी आखणी लागत नाही, कारण तो दारात येऊन हाक मारतो. पण त्याची पाळी बदलली की सगळेच कोलमडते.

टिकाऊपणाचे म्हणाल, तर २१ दिवसांत सवय जडते हा दावा सोडून द्यावा. लंडनमधील एका अभ्यासात हा काळ सरासरी ६६ दिवसांचा, आणि व्यक्तीपरत्वे अंदाजे १८ ते २५४ दिवसांचा निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडतही नव्हते. एवढा काळ रोज साथ देणारा माणूस विरळाच.

ज्याची सुरुवातच होत नाही, त्याने पहिले काही आठवडे सोबती धरावा. भाच्यासारख्या फिरत्या पाळीच्या माणसाला वहीच बरी.