गिटारवर तार ढकलून स्वर चढवण्याचा बेंड कोणत्या बोटाने: करंगळी की अनामिका?

आडवळणी रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी छोटी सुरावट, बसवताना टॅब (गिटारचे लिखित नोटेशन) फक्त तार आणि फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरचे घर, सांगतो. बोट कोणते, हे आपणच ठरवायचे असते. एका पद्धतीत प्रत्येक फ्रेटला एक बोट नेमलेले असते आणि करंगळीला सुट्टी नसते. दुसरीत भिस्त पहिल्या तीन बोटांवर असते आणि अंगठा नेकवरून, म्हणजे गिटारच्या मानेवरून, खुशाल डोकावतो.

पहिली पद्धत मी दोन वर्षे निष्ठेने पाळली. एका तारेवर तीन-तीन स्वरांच्या वेगवान ओळींत तिला तोड नाही, कारण हात जागचा हलत नाही. शिवाय साडेपंचवीस इंची स्केलच्या (तारेच्या वाजत्या लांबीच्या) गिटारवर पाचव्या ते आठव्या फ्रेटपट्टीत सुमारे पावणेआठ सेंटिमीटर अंतर पडते, आणि तेवढा ताण अनामिकेने घेणे लहान हाताला जड जाते, हेही खरे.

माझे घोडे अडले ते एकाच जागी. पाचव्या फ्रेटवरच्या ए मायनर पेंटॅटोनिक या पाच स्वरांच्या सप्तकात दुसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटचा जी हा स्वर बेंडने ताणून ए या वरच्या स्वरापर्यंत न्यायचा आणि लगेच पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट, म्हणजे तोच ए, वाजवायचा. नियमाने आठवा फ्रेट करंगळीचा. ती बिचारी तार ढकलायची, पण स्वर किंचित अलीकडेच थांबायचा आणि शेजारचा अचूक ए वाजताच माझा बेसूरपणा उघडा पडायचा. करंगळीचे व्यायाम करून पाहिले. त्यांनी बोट दुखले, स्वर मात्र चढला नाही.

अखेर तिथे अनामिका ठेवली, सहाव्या-सातव्या फ्रेटवर मागच्या दोन बोटांचा टेकू दिला आणि अंगठा वर घेतला. आता जोर बोटाचा न लागता मनगट फिरते, आणि आठवड्याभरात दोन्ही ए जुळू लागले. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची दोन बोटे १९२८ च्या आगीत जायबंदी झाली आणि तो उरलेल्या दोहोंवर सोलो वाजवत असे, हा दाखला वादात उपयोगी पडतो, पण माझ्यासाठी तो गौण आहे.

ज्यांचे रिफ सरळ धावणारे आहेत आणि बेंड क्वचितच येतात, त्यांनी चार बोटांची पद्धत धरली तर कदाचित बरेच पडेल. अंगठा वर घेतल्यावर जाड तारांकडची पोच कमी होते, ही तीन बोटांची किंमत मलाही मोजावी लागते. म्हणून करंगळी मी सोडलेली नाही. फक्त टॅबमध्ये बेंड दिसला की त्याखाली पेन्सिलने अनामिकेचा ३ लिहून ठेवतो.