डिप-स्ट्राइकची वही आणि जेमपाय: आठ महिन्यांनंतर

खडकांच्या मोजमापांवरून जमिनीखालच्या थरांचं त्रिमितीय मॉडेल बनवायला नोव्हेंबरपासून जेमपाय वापरतोय. आधीच सांगून टाकतो, यात बटणं नाहीत. ही पायथनची फुकट लायब्ररी आहे, जर्मनीत आखेनला घडलेली. एक्सेलपलीकडे हात गेला नसेल तर पहिला महिना जड जातो. माझा दीड गेला.

माझं काम रामटेक-मनसर पट्ट्यातलं, सौसर गटाच्या (जुन्या रूपांतरित खडकांचा समूह) खडकांवरचं. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर. पहाटे गाडीला किक मारायची आणि ऊन चढायच्या आत क्वार्टझाइट-शिस्टच्या थरांवर ब्रंटन (भूवैज्ञानिकाचं होकायंत्र) लावून थराची आडवी दिशा म्हणजे स्ट्राइक आणि त्याचा कल म्हणजे डिप मोजून मोकळं व्हायचं. हिवाळाभरात दोनशेवर रीडिंग जमली. मॉडेलला दोन सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्यांच्या फाइली, लागतात. एकीत खडकांच्या सीमेवरचे बिंदू. दुसरीत जागा, डिपची दिशा, डिप, पोलॅरिटी (थर सुलटा की उलटा) आणि फॉर्मेशनचं (थराचं) नाव. पहिली तासाभरात होते. दुसरी जीव खाते.

वहीतली एक ओळ बघा: 'एन ७० ई, ५५ एनडब्ल्यू'. म्हणजे स्ट्राइक उत्तरेपासून पूर्वेकडे ७० अंश, डिप ५५ अंश वायव्येकडे. डिपची दिशा काढायला मी अख्ख्या कॉलममध्ये डोळे झाकून ९० मिळवले. आले १६०, म्हणजे आग्नेय. हवे होते ३४०. ९० मिळवायचा नियम उजव्या हाताच्या पद्धतीने (थर उजवीकडे कलेल अशा बेताने) लिहिलेल्या स्ट्राइकलाच चालतो. हा स्ट्राइक आधी २५० करायला हवा होता. एरर एकही नाही, मॉडेल निमूट चाललं. फक्त ज्या अँटिक्लाइनच्या (कमानीसारख्या घडीच्या) माथ्यावर बसून मी डबा खाल्ला होता, ती गायब! दोन्ही बाजू आग्नेयेकडेच कललेल्या. दोन दिवस कोड उसवत बसलो, चूक वहीत होती.

उंचीचा घोळ वेगळाच. फोनमधली उंची मी तशीच उचलली आणि सगळे बिंदू टेकडीच्या पोटात शिरले. फोनचा जीपीएस बहुधा एलिप्सॉइडपासून (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून) उंची देतो, नकाशा समुद्रसपाटीपासून. आपल्या भागात दोन्हींत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. आता झेड, म्हणजे उंचीचा आकडा, फोनकडून घेतच नाही. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एसआरटीएमचा ३० मीटरचा डीईएम (उपग्रहासारख्या अवकाशातल्या मोजणीतून बनलेला उंचीचा नकाशा) लावून प्रत्येक बिंदूची उंची त्यावरून उचलतो. तिथेच यूटीएमचा झोनही (नकाशासाठी पाडलेला पृथ्वीचा उभा पट्टा) बघून घ्या. पुण्याच्या मित्राची तयार प्रोजेक्ट फाइल वापरली, ती यूटीएम ४३ ची. नागपूर ४४ मध्ये येतं. गडमंदिरासकट रामटेक सुरतेच्या पूर्वेला जाऊन बसलं होतं.

हे सगळं निस्तरल्यावर मात्र मजा आहे. डिप सीमेवरच मोजलेला असावा अशी अट नाही. थराच्या मधोमध, नाल्यात जिथे खडक उघडा सापडेल तिथलं रीडिंगही मॉडेलला आकार देतं. आपल्याकडे अर्ध्याहून जास्त सीमा शेताखाली आणि काळ्या मातीखाली, त्यामुळे याची किंमत फार. पन्नास बाय पन्नास बाय पन्नासची जाळी, म्हणजे सव्वा लाख घरं, माझा आठ जीबीचा लॅपटॉप बिनतक्रार ओढतो. नवीन ओळ टाका, पुन्हा चालवा, सेक्शन (जमिनीचा उभा छेद) बदललेला दिसतो.

फेब्रुवारीत सरांना दाखवलं. एका भागात थर जिलेबीसारखे वळले होते. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, "हे बेडिंगच आहे का रे?" म्हणजे गाळाचा मूळ थर. नव्हतं. शिस्टमधलं फोलिएशन (दाबाने नंतर आलेली पापुद्र्यांची रचना) मी बेडिंग म्हणून भरलं होतं, तीसेक रीडिंग. ती काढली आणि जिलेबी सुटली. तेव्हापासून वहीत प्रत्येक रीडिंगपुढे एस-शून्य (बेडिंग) की एस-एक (फोलिएशन) हे जागेवरच लिहितो. घरी येऊन आठवत नाही.

कमतरता सांगायची तर घडीवर घडी पडलेल्या खडकांत हे तोकडं पडतं, आणि सौसरमध्ये तेच तर आहे. फोल्डचा (घडीचा) अक्ष आणि अक्षतलाचं (घडीला मधोमध विभागणाऱ्या प्रतलाचं) फोलिएशन वेगळं भरायची सोय लूपस्ट्रक्चरल या दुसऱ्या फुकट लायब्ररीत आहे. शिवाय जेमपायची तिसरी आवृत्ती नव्याने लिहिलेली असल्याने जुन्या धड्यांतला कोड तिच्यात जसाच्या तसा चालत नाही. धडा कुठल्या आवृत्तीचा ते आधी बघा.

एमएस्सीच्या सबमिशनपुरतं काम असेल तर यात पडू नका, स्टिरिओनेट (रीडिंग मांडायची गोल जाळी) आणि हाताने काढलेला सेक्शन पुरे. ऑफिसात लीपफ्रॉग या विकतच्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स असेल तर पायथनशी झटायचीही गरज नाही, पण डिपची दिशा तिथेही तपासावीच लागेल. माझी ती काढलेली तीस रीडिंग वेगळ्या फाइलमध्ये ठेवलीत. पाऊस लागलाय, फील्ड बंद. आता त्यांच्यावर लूपस्ट्रक्चरल चालवून बघतोय.