मूल्यमापन घरचं की बाहेरचं? दोन्ही वापरून पाहिल्यानंतर

जनता वसाहत आणि ताडीवाला रोड या दोन वस्त्यांमध्ये आमच्या संस्थेचे वाचनवर्ग चालतात, त्यांचं काम मी बघते. तिसरी ते पाचवीची मुलं, रोज संध्याकाळी दीड तास, शिकवणाऱ्या ताया वस्तीतल्याच. खर्च एका कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे कंपनीने सामाजिक कामांसाठी द्यायच्या पैशातून, भागतो. पहिल्या वर्षी मूल्यमापन आमचं आम्हीच केलं. दुसऱ्या वर्षी ते एका बाहेरच्या सल्लागार संस्थेकडे दिलं आणि जूनपासून पुढच्या मेपर्यंत तो अनुभव घेतला. पुण्यातल्या लहान संस्थांतली बरीच मंडळी प्रस्ताव भरताना या एका रकान्यापाशी अडतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी नियमाचं सांगते, कारण त्याची भीती उगाच बसलेली असते. जानेवारी 2021 मध्ये सीएसआरचे नियम बदलले. आधीच्या तीन वर्षांत ज्या कंपनीला सीएसआरवर सरासरी 10 कोटी किंवा त्याहून जास्त खर्च करणं बंधनकारक होतं, तिला 1 कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचा परिणाम स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, तोही प्रकल्प संपून वर्ष उलटल्यावर. आमचा प्रकल्प त्या रकमेच्या आसपासही नाही. म्हणजे आमच्यावर कायद्याची सक्ती नव्हती, देणगीदारांची तशी इच्छा होती. हे मला आधी नीट माहीत असतं तर पहिल्याच बैठकीत मी विचारलं असतं की तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय? तो प्रश्न मी विचारला नाही आणि पुढच्या निम्म्या अडचणी तिथूनच सुरू झाल्या.

पहिल्या वर्षी आम्ही 'असर'ची, म्हणजे मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या देशव्यापी पाहणीतली, वाचनचाचणी वापरली. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या, एका मुलाला पाच-सात मिनिटं. तायांना ती दोन दिवसांत जमली. या पद्धतीचा खरा फायदा ऑगस्टमध्ये कळला. निम्मी मुलं शब्दांपर्यंत येऊन जोडाक्षरांशी अडत होती. आम्ही शनिवारच्या बैठकीत ते पाहिलं आणि सोमवारपासून जोडाक्षरांचे खेळ सुरू केले. बाहेरच्या कुणालाही इतक्या लवकर हे सांगता आलं नसतं. मार्चमध्ये शेवटची चाचणी झाली, 'गोष्ट' वाचणाऱ्या मुलांची संख्या छान वाढली होती, आम्ही अहवाल पाठवला. आमचा त्या आकड्यावर मनापासून विश्वास होता.

दुसऱ्या वर्षी सल्लागार बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी तो अहवाल बाजूला ठेवून फक्त हजेरीपट मागितले. जूनमध्ये चाचणी दिलेली मुलं 96, मार्चमध्ये 71. "उरलेली 25 कुठे गेली?" आम्ही सगळी टक्केवारी 71 वर काढली होती. एकीकडे पाहिलं तर साधी गोष्ट, पण वर्षभरात आमच्यापैकी एकालाही ती खटकली नव्हती. मग आम्ही घरोघरी गेलो. काहींचे आईवडील बांधकामावर, ते साइट संपल्यावर वाघोलीकडे गेलेले. तीन मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी. आणि आठ-नऊ मुलं अशी, की इतर पुढे गेले, आपल्याला वाचता येत नाही, म्हणून हळूहळू यायची थांबली. ज्यांच्यासाठी वर्ग होता तीच आमच्या यशाच्या हिशोबातून गळाली होती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

असरचे स्वयंसेवक शाळेत न जाता घरी जाऊन मुलं तपासतात. शाळेत नसलेलं, गैरहजर असलेलं मूलही मोजलं जावं हाच त्यामागचा हेतू. आम्ही त्यांचा चाचणीचा कागद घेतला आणि पद्धत मात्र सोडून दिली.

दुसरी गोष्ट तायांची. शिकवणारी ताईच चाचणी घेते तेव्हा ती मूल अडलं की थांबते, ओठ हलवते, कधी पहिलं अक्षर पुटपुटते. यात लबाडी अजिबात नाही, माया आहे. पण आकडा फुगतो. उलट, बाहेरून आलेल्या तरुणांसमोर आमची एक चौथीतली मुलगी एक शब्द बोलली नाही. त्यांच्या कागदावर ती 'अक्षर'ला राहिली. मी तिला आदल्या आठवड्यात अख्खी गोष्ट वाचताना ऐकलं होतं. तेव्हा बाहेरचा माणूस म्हणजे निखळ सत्य, असं कुणी सांगितलं तर मानू नका. अनोळखी माणसाचंही वजन त्या आकड्यावर पडतं.

आता सल्लागार संस्थेच्या कामातल्या उणिवा. पालकांसाठीच्या प्रश्नावलीत 'आपल्या पाल्याच्या वाचनविषयक सवयींत झालेला बदल' असं लिहिलेलं. ताडीवाला रोडवरच्या आयांनी नुसतं "हो, हो" म्हटलं. पाहणी ठेवली सकाळी अकराला, जेव्हा त्या घरकामाला बाहेर असतात, आणि तीही गणपतीच्या आठवड्यात. वस्तीत कुणालाही विचारलं असतं तर ही तारीख पडली नसती. फीवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो आम्ही अंदाजपत्रकात धरलाच नव्हता. ते पैसे पुस्तकांच्या रकमेतून गेले, याचं मला अजून वाईट वाटतं. मूळ डेटा कुणाचा हे करारात लिहिलेलं नव्हतं, तो हातात यायला दोन महिने लागले. अहवाल आला मेमध्ये, वर्ष संपल्यावर, साठ पानांचा आणि इंग्रजीत. ज्या तायांच्या कामाबद्दल तो होता, त्यांना तो वाचता आला नाही. एका रविवारी मी तो मराठीत सांगत बसले. गळालेल्या मुलांचा भाग आला तेव्हा ताडीवाला रोडची ताई म्हणाली, "मॅडम, ही नावं मी ऑक्टोबरलाच सांगितली असती. कुणी विचारलंच नाही."

दोन्हींतून एकच घ्यायचं असेल तर? लहान कार्यक्रम असेल, निधी वीस लाखांच्या आत असेल आणि पहिलंच वर्ष असेल, तर संपूर्ण बाहेरचं मूल्यमापन घेऊ नका. तो पैसा मुलांपर्यंत जाऊ द्या. पण सगळं घरातही ठेवू नका. बाहेरच्या माणसाचं मोल साठ पानांत नव्हतं, पहिल्या दिवशी विचारलेल्या त्या एका प्रश्नात होतं. तो प्रश्न वर्षाच्या सुरुवातीला विकत घेता येतो, दोन-तीन दिवसांच्या मानधनात. देणगीदारांना हे समोर बसून समजावलं तर पटतं. आमच्या कंपनीच्या प्रतिनिधींना मी 96 आणि 71 हे दोन्ही आकडे दाखवले. निधी थांबेल अशी धास्ती होती. त्यांनी पुढच्या वर्षासाठी गळालेल्या मुलांच्या घरभेटींचा खर्च वेगळा मंजूर केला.

या जूनपासून जनता वसाहतीच्या ताया ताडीवाला रोडला चाचणी घेतात आणि तिकडच्या इकडे. मूल बुजत नाही आणि ताईला ओठ हलवायचा मोह होत नाही. दहातल्या एका मुलाची फेरचाचणी बाहेरची व्यक्ती करते, वर्गातली ताई शेजारी गप्प बसलेली असते. हजेरीपटात एक रकाना वाढवलाय, 'सलग सहा दिवस नाही', आणि तो भरला की त्याच आठवड्यात कुणीतरी घरी जातं. मागच्या मंगळवारी आम्ही त्या तीन मुलींपैकी दोघींच्या घरी गेलो होतो. धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात बसायला एकीच्या आईने होकार दिला आहे.