मेटालिका की मेगाडेथ: सुरुवात कुणाची भारी?

दोन्ही अमेरिकेचे हेवी मेटल, म्हणजे कडक, दणदणीत रॉक वाजवणारे बँड. मेटालिका १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये जमली, तीही ड्रमर लार्स उलरिकने वर्तमानपत्रात दिलेल्या जाहिरातीतून. मेगाडेथ जन्मली ती रागातून. एप्रिल १९८३ मध्ये, पहिला अल्बम तोंडावर असताना, मेटालिकाने आपला गिटारवादक डेव्ह मस्टेनला दारूपायी काढलं आणि न्यूयॉर्कहून थेट परतीच्या बसमध्ये बसवलं. त्याच वर्षी त्याने स्वतःचा बँड उभा केला, तोच मेगाडेथ.

फरक ऐकायचा तर एक गाणं पुरे. मस्टेनचं ‘मेकॅनिक्स’ मेटालिकाने नवे शब्द घालून, मध्ये संथ तुकडा जोडून ‘द फोर हॉर्समेन’ केलं. लांबी सात मिनिटांच्या वर. मस्टेनने १९८५ मध्ये तेच साडेचार मिनिटांच्या आत उडवलं, जणू कुणी हात धुऊन मागे लागलंय!

पदार्पण म्हणून मेटालिकाचा अल्बम जास्त घोटीव, यात वाद नाही. बेसिस्ट क्लिफ बर्टनसाठी अख्खा बँड सॅन फ्रान्सिस्कोकडे हलला होता, ते फळलं. मेगाडेथच्या पहिल्या अल्बमचे बरेचसे पैसे नशापाण्यात गेले, आणि ध्वनिमुद्रणात ते ऐकू येतं. तरी गिटारवरची बोटं बघायची तर माझं मत मस्टेनला. गाण्याचं म्हणाल तर मेटालिकाचा गायक जेम्स हेटफिल्ड, अर्थात.