वाघ्या घरात, आपण नळदुर्गला की नान्नजला?

भाची पुण्याहून सोलापुरात आलीय, आत्याचा कुत्रा वाघ्या आठ दिवस सांभाळायला. मार्चातला एक दिवस तिला फिरायचंय. नळदुर्गचा किल्ला की नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य, हे ठरेना.

आधी वाघ्याचं बघू. नान्नज बार्शी रस्त्यावर, वीस-बावीस किलोमीटर. पहाटे त्याला फिरवून निघालं तर दहाच्या आत परत. नळदुर्ग हैदराबाद रस्त्याला, पंचेचाळीसेक किलोमीटर, आणि किल्ला घाईत बघायचा नाही. पाच-सहा तास धराच. मागच्या वर्षी मी तेवढा वेळ त्याला कोंडून गेलो, तर आत्याच्या कोल्हापुरीचा एक अंगठा गायब! दुपारी पाण्याचं भांडंही कोरडं होतं.

खर्चात दोन्हीकडे मुख्य भार पेट्रोलचाच. नळदुर्गला साधारण दुप्पट.

बघायला काय? नळदुर्गचा पाणीमहाल म्हणजे बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातला महाल, आदिलशाही काळातला. पण नर-मादी धबधबे पावसाळ्यातच कोसळतात. मार्चात नुसता तापलेला दगड. नान्नजला माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नये. काळवीट मात्र दिसतात, पिवळ्या गवतात काळी पाठ लगेच उठून दिसते. वाघ्याला तिथे न्यायचा विचारही नको.

शेजारच्या काकू दुपारी दार उघडून त्याला बघणार असतील आणि दगडी बांधकामाचं वेड असेल, तर नळदुर्ग. एकटीवरच सगळं असेल तर नान्नज, आणि परतताना कडक भाकरी घेऊन ये.