ऑक्टाव्हिया आरएसला फ्रंट-माउंट: ट्यूब-फिन की बार-प्लेट?

जुन्या 1.8 टर्बो स्कोडा ऑक्टाव्हियाला रीमॅप झाला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला मॅप बदलून ताकद वाढवली, की पुढचा प्रश्न इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोतून तापून आलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणाऱ्या भागाचा निघतो, आणि इंदूरमध्ये तो हमखास एप्रिल-मेमध्येच निघतो. पहाटे सुपर कॉरिडॉरवर जी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोरात खेचते, तीच दुपारी सुस्तावते. आपल्याकडे आलेल्या आरएसला 150 अश्वशक्ती होती आणि तेवढ्यासाठी कंपनीचा छोटा, बाजूला बसवलेला (साइड-माउंट) इंटरकूलर पुरत होता. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला की तो कमी पडतो. आत जाणारी हवा दहा अंशांनी गरम झाली तर तिची घनता साधारण तीन टक्क्यांनी घटते. पण खरा घोळ त्यापुढे आहे. साधं पेट्रोल, त्यात गरम हवा, म्हणजे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होणार आणि इंजिनाचा संगणक, ईसीयू, ठिणगीची वेळ मागे ओढणार. ताकद तिथे जाते.

ही तुलना मी दोन गाड्यांवरून करतोय, एक माझी आणि एक मावसभावाची. मॉडेल तेच, टर्बो तोच, मॅपही जवळपास सारखा. दोघांकडे फ्रंट-माउंट, म्हणजे बंपरमागे मधोमध, रेडिएटरसमोर बसणारा इंटरकूलर आहे, फरक कोरचा, म्हणजे हवा थंड करणाऱ्या मुख्य भागाचा. त्याच्याकडे 76 मिलिमीटर जाडीचा बार-प्लेट (जाड पट्ट्या आणि पत्र्यांचा) आहे, माझ्याकडे 65 मिलिमीटरचा ट्यूब-फिन (पातळ नळ्या आणि त्यांमधल्या नाजूक फिनांचा). गाड्यांची अदलाबदल आमच्यात सर्रास होते, त्यामुळे दोन्ही मी शहरात आणि घाटात भरपूर चालवल्या आहेत. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात गाडी नेऊन आकडे काढण्याची सोय आपल्यासारख्यांना नाही. तेव्हा इथे जे आहे ते पायाला, कानाला आणि एसीच्या झरोक्यापाशी धरलेल्या हाताला जाणवलेलं आहे.

आधी साइड-माउंटबद्दल थोडं, कारण निम्म्या लोकांचं काम तिथेच भागेल असं मला वाटतं. हा कोर उजव्या पुढच्या चाकासमोर, बंपरच्या कोपऱ्यात असतो. बंपरमधून आत आलेली हवा कोरमधून जाऊन चाकाच्या प्लास्टिक गार्डमधल्या फटींतून बाहेर पडायला हवी. वीस वर्षं जुन्या गाड्यांत तो गार्ड कधीतरी बदललेला असतो आणि बदली गार्डला फटी नसतात, किंवा हवा वळवणारा प्लास्टिकचा डक्टच गायब असतो. मग कोर नुसता भट्टीत बसल्यासारखा होतो. मॅप स्टॉक असेल किंवा अगदी सौम्य असेल, तर आधी डक्ट आणि गार्ड नीट करून एक उन्हाळा काढून पाहा. पाइप छोटे राहतात, लॅग (टर्बो उशिरा जागा होणं) वाढत नाही आणि बंपरच्या मधल्या भागाला हात लावावा लागत नाही.

त्यापुढे जायचं असेल तर फ्रंट-माउंट, आणि मग हा कोर की तो.

बार-प्लेट दणकट असतो. हायवेवर ट्रकच्या चाकातून उडालेला खडा त्याला फारसं काही करत नाही, कोरच्या टोकाच्या टाकीला (एंड टँक) चीर गेली तरी आर्गन वेल्डिंगवाला सहज जोडून देतो. वजन मात्र जास्त, त्यामुळे ब्रॅकेट चांगले लागतात. ट्यूब-फिन हलका, पातळ पत्र्याचा. नेमका ट्यूबवर खडा बसला तर गळती लागू शकते, म्हणून मी बंपरच्या खालच्या जाळीमागे आणखी एक बारीक जाळी बसवली आहे. तिची छिद्रं फार बारीक घेऊ नका, नाहीतर हवाच अडेल.

गरम होण्याच्या बाबतीत बार-प्लेट म्हणजे बिडाचा तवा. तापायला वेळ घेतो, आणि एकदा तापला की निवायलाही. पहिल्या जोरदार खेचीला, दुसऱ्या खेचीला तो उष्णता पोटात घेतो आणि इंजिनाला कळूही देत नाही. खलघाटला नर्मदा ओलांडून मानपूरकडे घाट चढताना हे चांगलं समजतं. पुढे ट्रकांची रांग, मोकळी जागा दिसली की पूर्ण पाय, मग पुन्हा ट्रकमागे. अशा चढात मावसभावाची गाडी शेवटच्या ओव्हरटेकलाही ताजी वाटते. माझी घाटाच्या वरच्या टप्प्यात किंचित जड होते. किंचितच, पण होते, हे कबूल करायला हवं. तुमचं चालवणं मुख्यतः असंच असेल, किंवा पुढे मोठा टर्बो घालायचा विचार असेल, तर पुढचं वाचूनही तुम्ही बार-प्लेटच घ्याल आणि ते बरोबरच असेल.

माझं पारडं फिरलं ते एसीमुळे.

विजयनगरहून नवलख्याला यायचं म्हणजे एलआयजी, पलासिया, गीता भवन असे सगळे सिग्नल एबी रोडवर ओळीने भेटतात. मेच्या संध्याकाळी, गाडी आधी बायपासवर मोकळी पळवलेली असताना, मावसभावाच्या गाडीतून या रस्त्याने आलो की ठरलेली गोष्ट होते. पहिल्या सिग्नलला एसी ठीक असतो. दुसऱ्याला झरोक्यातली हवा थंडऐवजी नुसती गार लागते. तिसऱ्याला ती चक्क कोमट होते आणि पुढे पंखा पूर्ण वेगाने घोंघावू लागतो, इतका की शेजारच्या स्कूटरवरचा माणूस वळून पाहतो. सिग्नल सुटून गाडी जरा पळाली की पुन्हा थंडावा येतो, पुढच्या चौकात पुन्हा तेच. मागे आई बसलेली असेल तर ती काही बोलत नाही, पदराने वारा घेते. मला ते पाहवत नाही.

कारण साधं आहे. गाडी उभी असताना कंडेन्सरला, म्हणजे एसीचा गॅस थंड करणाऱ्या इंटरकूलरमागच्या जाळीला, जी हवा मिळते ती फक्त पंखा ओढतो तेवढीच, आणि ती आधी इंटरकूलरमधून यावी लागते. जाड, दाट फिनांचा बार-प्लेट ती हवा अडवतो, आणि बायपासवर पोटात घेतलेली उष्णता त्याच हवेत सोडतो. म्हणजे आधीच 42 अंशांची असलेली हवा आणखी तापून कंडेन्सरवर येते. एसीच्या गॅसचा दाब चढतो, पंखा धावतो, आणि दाब फारच चढला तर एसीचा कंप्रेसर बंद होतो. त्याच्या मागे रेडिएटर आहे, त्याचेही हाल होतात. कूलंटच्या काट्यावर विसंबू नका. या गाड्यांचा काटा तापमान बरंच वरखाली झालं तरी 90 वरून हलत नाही. गाडीच्या संगणकाचे आकडे वाचणारा साधा ओबीडी डोंगल लावून मोबाइलवर बघा, तिथे खरं दिसतं.

मावसभावाने यावर बरंच काही करून पाहिलं. गॅस पुन्हा भरला, कंडेन्सर धुऊन घेतला. शेवटी देवास नाक्याकडच्या एका मेकॅनिकने बंपरखाली डोकं घालून पाहिलं आणि म्हणाला, "भिया, हवा जाएगी तो एसी चलेगा ना."

माझ्या गाडीत, त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, एसी किंचित मंदावतो पण कोमट होत नाही. ट्यूब-फिनमधून हवा बरीच मोकळी जाते आणि कोर सिग्नलवर पटकन निवतो. त्याचा आणखी एक फायदा हिरव्या दिव्यानंतर मिळतो. गाडी उचलते ती लगेच, पहिल्या शंभर-दोनशे मीटरांतलं मरगळलेपण जाणवत नाही. आपलं रोजचं चालवणं असंच तुटक असतं, थांबा आणि पळा. घाट महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, पण पलासियाचा सिग्नल रोज. मी या हिशेबाने बघतो. दुसऱ्याचा हिशेब वेगळा असू शकतो.

ट्यूब-फिनचा एक त्रास सांगून ठेवतो. मालव्याची काळी माती पावसाळ्यात चिकट होते आणि फिनांमध्ये जाऊन बसते. वाळली की अक्षरशः सिमेंट. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची बंदूक तिथे मारू देऊ नका, मऊ फिना आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. घरी बादली घ्यायची, माती भिजू द्यायची आणि साध्या नळीने, शक्य असेल तर मागच्या बाजूने पुढे, पाणी सोडायचं. बार-प्लेटला इतकी नाजूक वागणूक लागत नाही.

बसवण्याबद्दल. दोन्ही कोरांना काम सारखंच आहे. बंपर उतरतो, हॉर्न हलवावा लागतो आणि पॉवर स्टीअरिंगच्या तेलाची थंड होण्याची नळी नेमकी आडवी येते, तिला नवीन जागा द्यावी लागते. बंपरमागचा बीम कापून कोर वर सरकवू, असं फॅब्रिकेटर सुचवतील. नका कापू देऊ. धडकेत तोच कामाला येतो. त्यापेक्षा उंचीने लहान कोर घ्या. खाली फार लोंबवलात तर आपल्या कॉलन्यांमधले स्पीडब्रेकर त्याला ठेवणार नाहीत.

पाइपांचं काम आर्गन वेल्डिंगचंच हवं, आणि प्रत्येक पाइपच्या तोंडाला बाहेर उठलेली गोल कडा काढून घ्या. सरळ कापलेल्या तोंडावर सिलिकॉन कपलर कितीही आवळला तरी बूस्टवर एक दिवस सटकतो. जोडण्याआधी पाइप आतून-बाहेरून पुसून तेलाचा अंश काढायचा, आणि आठवड्याभराने, इंजिन काही वेळा तापून निवल्यावर, सगळे क्लॅम्प पुन्हा आवळायचे. डायव्हर्टर व्हॉल्व्हची (पाय उचलल्यावर जास्तीचा बूस्ट सोडणाऱ्या झडपेची) हवा परत इनटेकमध्येच जाऊ द्या. बाहेर सोडली की आवाज छान येतो, पण सेन्सरने मोजलेली हवाच इंजिनापर्यंत पोचत नाही आणि पाय उचलताना मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. बंपर चढवण्याआधी इनटेकचं तोंड बंद करून पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने हळूहळू एक बारच्या आत दाब द्या आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा. माझ्या गाडीत गरम बाजूच्या एका कोपऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा सतत फुगत होता. वेल्डिंगमध्ये छिद्र राहिलं होतं. बंपर चढल्यावर ते कधी सापडलं नसतं.

कागदांचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांच्या बाबतीत कडक आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये ते अधोरेखित केलं आहे. विमा कंपनीला आधी विचारलेलं बरं.

आणि एवढं सगळं वाचून बार-प्लेटच घ्यायचा ठरला, तर निदान 76 ऐवजी 65 मिलिमीटरचा घ्या आणि बंपरच्या तोंडापासून कोरपर्यंतच्या दोन्ही बाजूंच्या फटी पत्र्याने किंवा फोमने बंद करा. आलेली हवा बाजूने निसटली नाही की एसीला थोडा आधार मिळतो. मावसभावाने यंदा हे करून घेतलंय. गीता भवनपर्यंत आता बरं चालतं, पुढे नवलख्याला पोचेपर्यंत पंखा अजूनही घोंघावतो.